हिरवं कपाट

४ मार्च
आले एकदाची! खोल्या दोनच, पण दोन्हीकडून उजेड. आई गेल्यावर ताईने पिच्छाच पुरवला होता, बदली घे, माणसांत जा म्हणून. बदली मिळाली, माणसंही मिळतील हळूहळू. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी चहा दिला आणि "एकट्याच का?" हे विचारलं नाही, याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क.
आतल्या खोलीत एक कपाट आहे. माझ्याहून उंच, अंगभर हिरवा तेलरंग, दारं रंगानेच चिकटलेली. बाई म्हणाल्या, नको असेल तर काढून टाकते. मी नखाने एक पोपडा उचलला, तर खाली शिसव! देखण्या माणसाला रेनकोट घालून कोपऱ्यात उभं करावं, तसली गत. म्हटलं राहू दे, मीच नीट करते.

८ मार्च
खरवडणी, पॉलिशपेपर, रंग सोडवायचं द्रावण, सगळं आणलं. द्रावण लावून थांबायचं, रंग फुगला की खरवडायचं. घाई केली तर लाकडावर ओरखडे. सुट्टी कशी संपली कळलं नाही.
काम करताना मी कपाटाशी बोलत होते. आईच्या आजारपणातली सवय, हात चालले की तोंडही चालतं. ऑफिसात दिवसभरात "फाइल ठेवा" आणि "बरं", एवढंच बोलणं होतं. कपाट बरं, सल्ले तरी देत नाही.

१२ मार्च
हिरव्याखाली पांढरा रंग निघाला, दारांच्या फटीत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून दगडासारखा झालेला. बाईंना विचारलं. म्हणाल्या, आतून कुरकुर यायची, उंदीर असतील म्हणून फटी बुजवून रंग मारून घेतला. आधीची भाडेकरू सोडून गेली तेव्हाचीच गोष्ट. ती मुलगी फार घुमी होती म्हणे. पण शेवटी शेवटी अशी बोलायला लागली की ऐकत राहावं. जाताना बाईंच्या गळ्यात पडली.
लांबी पटाशीने काढली. दारं अजून उघडत नाहीत.

१५ मार्च
घसा बसलाय. भुशाने असेल.
आज आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होते आणि आतून आवाज आला, "हं." ऐकणारा माणूस म्हणतो तसा. रंग निघाला की लाकूड कुरकुरतंच. तरी मी पुढचं सांगितलं, आणि जिथे जिथे हवं तिथे "हं" आलं.
खूप रडले. मग बरं वाटलं. मला "हं" म्हणणारं कुणी कितीतरी दिवसांत नव्हतं.

१९ मार्च
आवाज पार गेला. डॉक्टर म्हणाले घसा स्वच्छ आहे, काहीच दिसत नाही. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही.
बाईंनी जिन्यात अडवून विचारलं, दुपारी सुट्टी होती का? वर गाणं चाललं होतं. गळा छान आहे हो तुमचा.
दुपारी मी ऑफिसात होते.

२१ मार्च
ताईचा मेसेज. काल फोनवर तू किती हसलीस गं चिमे, जीव भांड्यात पडला. शनिवारी येते.
काल फोन मी घरी विसरले होते. टेबलावर. संध्याकाळी तो कपाटासमोर जमिनीवर सापडला.
ताईला लिहिलं, ती मी नव्हते. तिने हसण्याची चित्रं पाठवली.

२२ मार्च
लांबी घेऊन आले. फटी परत बुजवणार. घर सोडणार.
पहिला थर लावला तोच — माझा आवाज. माझाच, आतून. चिमे, पाणी दे गं. आई म्हणायची तसं. आईचा हेलसुद्धा. मीच सांगितला होता तिला, आत बसून ऐकणारीला.
उठू नको म्हटलं स्वतःला. पण त्या हाकेला मी इतकी वर्षं उठलेय —
दार नुसत्या बोटाने उघडलं. आत कुणी नव्हतं. वाकून पाहिलं, आणि पाठीमागून —

शनिवार असावा
फटीतून जरा उजेड येतो. ॲप्रनच्या खिशात वही होती, पेन्सिलही.
बाहेर ती चालते. माझ्या चपला. गाते. सकाळी तिने दारांना पॉलिशचा हात दिला, हळूहळू, कौतुकाने.
दारावर मुठी आपटते. बाहेर किती जातं कोण जाणे.

ताई आली. तिचा आवाज —
ताई म्हणतेय, किती छान दिसतेस, गालांवर रंग आलाय. दोघी हसताहेत.
मी धडका मारतेय. ताईने विचारलं, काय वाजतंय गं? माझा आवाज म्हणाला, जुनं लाकूड आहे ताई, कुरकुरतं.
ताई जवळ आली. फटीवर सावली — तिचा हात दारावर — म्हणतेय, किती गुळगुळीत केलंस, बघू तरी आतून क—
ती म्हणाली नको, ओलं आहे अजून —
ताई हात काढू नकोस. ताई मी इथे — मी इ