भांडुपच्या स्वयंपाकघरातलं कोपांगो

आई, आज मी मोबाईलमधल्या बाईला उत्तर दिलं आणि तुमची पणती हसून हसून लोळली. तिने कसला तरी युगांडा देशाचा व्हिडिओ लावला होता, मी आपली बाजूला वाटाणे सोलत बसलेले. त्यातली बाई म्हणाली, "कोपांगो?" आणि माझ्या तोंडून खणखणीत, "कोपे!" पोरगी म्हणते, "आजी, तुला आचोली भाषा कुठून येते?" आता बघा, चौथी शिकलेली मी, मराठी लिहिताना माझ्या वेलांट्या चुकतात, आणि आचोली येते! इतका आनंद झाला म्हणून सांगू. तिला सगळं सांगत बसले, मग वाटलं, हे खरं तर तुम्हाला सांगायला हवं.

आठवते ना ती मुलगी? उत्तर युगांडातली, कॉलेजला आलेली, ह्यांच्या साहेबांनी पाठवलेली. हॉस्टेलात जागा होईपर्यंत चार महिने आपल्या दोन खोल्यांत राहिली. शेजारणी काही ना काही मागायच्या निमित्ताने डोकावून जायच्या. पहिल्याच सकाळी ती तुमच्यासमोर दोन्ही गुडघे टेकून बसली, तुमचा हात हातात घेऊन म्हणाली, "कोपांगो?" तुम्ही दचकलात, "गो बाय, माका देवी समाजलंस काय?" तिच्याकडे मोठ्या माणसांना असंच विचारतात म्हणे. कोपांगो, म्हणजे काय गं, काय विशेष? समोरच्याने म्हणायचं कोपे, काही नाही, बरं आहे. चहा हातात दिला की आप्वोयो, म्हणजे आभार, फारच आवडला तर आप्वोयो माटेक. घरातल्या एकेकाला वेगवेगळं विचारून झाल्याशिवाय ती दुसरं काही बोलायची नाही, कॉलेजला उशीर झाला तरी.

आणि नेमका तेव्हा आपला सासूसुनेचा अबोला. तुमचं माहेरचं जुनं लुगडं मी न विचारता फाडून गोधडीला लावलं, त्याला सव्वा महिना झालेला. आधी बोलेल ती हरली, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण ठरल्यासारखंच. तुम्ही भिंतीला सांगायचात, "चाय लय उकाळली." मी पातेल्याला सांगायचे, "नको असेल तर ठेवावी." हे बिचारे पेपरात तोंड खुपसून. ती मुलगी बघत राहिली आणि एक दिवस मोडक्या हिंदीत मला म्हणाली, "आंटी, आप दोनों सुबह पूछते नहीं? हमारे घर में नहीं पूछा, तो बड़े लोग बिठाते हैं, झगड़ा सुनते हैं." मी म्हटलं, "हमारे यहाँ जो बड़ी है, वही तो रूठी है." तिला हसू नाही आलं. तिच्या घरून पत्र येणं थांबलं होतं, तिकडे लढाई चाललेली. विचारायला माणूस समोर असून आपण विचारत नाही, हे तिला कळतच नव्हतं.

मग ती सकाळ. मी चपात्या लाटतेय, ती मोरीत अंघोळ करतेय, आणि तुम्ही दारात येऊन उभ्या. मला वाटलं, काहीतरी हवं असेल. तुम्ही माझ्याकडे नाही, पिठाच्या डब्याकडे बघून म्हणालात, "कोपांगो?" मला हसू आणि रडू एकदम. भाषा तिची होती ना, म्हणजे तुम्ही बोललातही आणि हरला नाहीत. मी म्हटलं, "कोपे." तुम्ही म्हणालात, "मगे ती चपाती करपतली, बघ गो." झालं. लुगड्याचं नाव नाही, माफी नाही. मोरीतून ती ओरडली, "आप्वोयो माटेक!" आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात.

गेली कितीतरी वर्षं मी सगळ्यांना ऐटीत सांगते, आमच्या सासूबाई आधी बोलल्या. आज नातीलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "भारी होती यार पणजी! पण तू का नाही बोललीस गं?" मी विषय बदलला.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे टाकणार मी, राहील इथेच उशाखाली. पण तुम्हाला म्हणून सांगते. त्या सकाळच्या आधीचे आठ दिवस मी नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने, तोच शब्द घोकत होते. तीनदा तुमच्या खाटेपर्यंत आले, आणि तीनदा केर दिसल्यासारखं करून वाकले नि परत फिरले. तुम्ही एकदाच उठून आलात.