तांबडा घोडा आणि तिसरं वर्ष

५ सप्टेंबर
घोडा आला. चोइजिलमामाने स्वतः मालट्रकमधून आणून हांदाआत्याच्या आवारात उतरवला. तांबडा रंग, काळी आयाळ, शांत स्वभाव.

निर्णय मोठा आहे. मागच्या वर्षी विषय राहिले, त्याचं कारण सुट्टीत सापडलं. मी मुळापासून तुटलो होतो. हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावर नळाच्या गरम पाण्यात अंघोळ करायची आणि मंगोल संस्कृतीवर प्रबंध लिहायचा, हे ढोंग होतं. आता हॉस्टेल सोडलं. उलानबातरच्या उत्तरेच्या टेकडीवर, आत्याच्या गोल तंबूत, घोड्याशेजारी राहून शिकणार.

मामा जाताना म्हणाला, हिवाळ्याआधी कंटाळलास तर फोन कर, लाजू नकोस. मी फक्त हसलो. आत्याने मामाला विचारलं, याचं करणार कोण. मामाने ट्रक सुरू केला.

६ सप्टेंबर
वेळापत्रक तयार. पहाटे उठणे, खरारा, पाणी, रपेट, मग घोड्यावरून कॉलेज. संध्याकाळी चारापाणी, नंतर वाचन. रंगीत पेनने लिहून तंबूच्या खांबाला लावलं.

घोड्याचं नाव सम्राट ठेवलं. आत्या म्हणाली, घोड्याला नाव कशाला, रंग असतो की त्याला. आत्याची पिढी भावनेच्या बाबतीत जरा कोरडीच.

९ सप्टेंबर, सकाळी साडेदहा
आताच उठलो. आत्याने तांबड्याला, म्हणजे सम्राटला, पाणी पाजून आणलं होतं. मला का उठवलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, दोनदा उठवलं, दुसऱ्यांदा तू मला मामा म्हणालास. उद्यापासून वेळापत्रक काटेकोर.

१७ सप्टेंबर
घोड्यावरून कॉलेजला निघालो. बसथांब्यापर्यंत वेग उत्तम. तिथे सम्राट थांबला आणि लोक जशी बसची वाट बघतात तशी बघत राहिला. टाच मारली, समजावलं. रांगेतली एक आजी म्हणाली, बाळा, तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे, पुढे गाड्या आहेत. तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. मुख्य रस्त्यावर जनावर आणायला बंदी आहे म्हणे. ज्या देशाने घोड्याच्या पाठीवरून अर्धं जग जिंकलं, त्या देशात. मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, जिंकताना सिग्नल नव्हते, वळव.

घोडा आवारात बांधून बसने गेलो. म्यादागबाईंचं लेक्चर संपत आलं होतं. उशिराचं कारण घोडा, असं सांगितल्यावर बाई चक्क हसल्या. कारण चांगलं आहे. जपून वापरावं लागेल.

३० सप्टेंबर
वापरून झालं. पाच वेळा.

२ ऑक्टोबर
आझ्झाया आमच्याच वर्गात आहे हे कालपर्यंत लक्षात कसं आलं नाही. दूर उत्तरेच्या खोव्सगोल प्रांतातली, पशुपालकाची मुलगी, चालायच्या आधी घोड्यावर बसलेली. मी माझ्या प्रबंधाचं नाव सांगितलं: 'मंगोल मनुष्य आणि घोडा: एक अखंड नातं.' तिने विचारलं, घोड्याला विचारलंस का. ती गंमत करते म्हणजे मोकळी झाली. मग म्हणाली, ती लहानपणापासून हिवाळ्यात घोडे शोधत फिरली आहे. इथे रेडिएटरला पाठ टेकून बसायला आली आहे आणि डिग्री झाली की दक्षिण कोरियात, सोलला, नर्सिंगला जाणार आहे. मुळापासून तुटण्याचं इतकं ठळक उदाहरण प्रबंधात घ्यायला हवं. अर्थात नाव बदलून.

१४ ऑक्टोबर
कॉलेजचा संस्कृती दिन. बाईंच्या शिफारसपत्रामुळे घोडा मागच्या मैदानात आणायची परवानगी मिळाली. बाबांचा निळा डगला घातला, कमरेला केशरी पट्टा. सगळा वर्ग मोबाइल घेऊन उभा.

एक छोटी गोष्ट नोंदवतो. घोड्यावर डावीकडून चढतात. पण कॅमेरे उजवीकडे होते. एक पाय रिकिबीत गेला, दुसरा हवेत होता, तेवढ्यात सम्राट शांतपणे चालू लागला. मी त्याच्यासोबत उड्या मारत मैदानाच्या टोकापर्यंत गेलो. पडलो असं म्हणता येणार नाही. उतरलो. आडवा उतरलो.

आझ्झाया आइस्क्रीम खात होती. तिने एका हाताने लगाम धरला, आइस्क्रीम मैत्रिणीकडे दिलं, डगलाबिगला काही न घालता टांग टाकली आणि एक फेरी मारून आली. सम्राट तिच्याखाली वेगळाच घोडा वाटत होता. उतरून लगाम माझ्या हातात देताना म्हणाली, चांगला घोडा आहे रे. तयारी कोणाची, हे तिने ओळखलं असणारच.

३ नोव्हेंबर
थंडी. गवताच्या पेंढ्या आत्या खालच्या बाजारातून हातगाडीवर आणते. तिला व्यायाम हवाच होता. मी माझं संशोधनाचं काम अंथरुणातून करतोय, कारण बोटं गारठली की टाइप होत नाही.

सम्राटसाठी ब्लँकेट आणलं, वर अस्वलांची चित्रं. आत्या म्हणाली, त्याला केस आलेत, केस मोफत आहेत, त्याला चरायला हवंय. मी म्हटलं, हिवाळ्यानंतर नेऊ चरायला. ती पेंढ्या उचलायला गेली. आत्या न बोलता खूप बोलते, हे या घराचं एक वैशिष्ट्य.

११ नोव्हेंबर
म्यादागबाईंनी पहिलं प्रकरण मागितलं. सांगितलं, घोड्याच्या देखभालीत वेळ जातो. संध्याकाळी आत्याने विचारलं, घोड्याला फिरवलंस का. सांगितलं, प्रकरणात वेळ जातो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधला वेळ नेमका कुठे जातो ते एकदा बघायला हवं. मोबाइल सांगतो की त्याच्यात जातो, पण त्याचं हे मोजमाप नेहमीच थोडं फुगवलेलं असतं.

२० नोव्हेंबर
आझ्झाया आवारात आली. न सांगता. मी केस विंचरून बाहेर येईपर्यंत ती सम्राटच्या बरगड्यांवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, चहा घे. ती म्हणाली, मी घोडा बघायला आलेय. तुझ्या फोटोत मागे उभा होता, तो बरा वाटला नाही.

मग बोलली. आवाज न चढवता, म्हणून जास्त ऐकू आलं. त्याला बांधून ठेवतोस, एकटा ठेवतोस, घोडा कळपातला असतो. तुला अभ्यासाला विषय हवा होता तर दगड घ्यायचास.

मी तिला समजावलं की नात्यात त्याग दोन्ही बाजूंनी असतो. तिने विचारलं, तुझा कोणता. उत्तर लांब होतं, म्हणून दिलं नाही. नंतर ती आत्याबरोबर मिठाचा चहा पीत बसली. मी आत गेलो तेव्हा दोघी गप्प झाल्या. माझ्याबद्दलच बोलत असणार. मुली घरच्यांशी ओळख वाढवतात याला काहीतरी अर्थ असतो.

४ डिसेंबर
आत्या म्हणाली, चोइजिलला फोन करते. मी म्हटलं, मीच करेन, माझा घोडा आहे. करणारच आहे. पण आता फोन केला तर मामा म्हणेल, मी म्हणालोच होतो. परीक्षा संपली की करतो.

दुपारी सम्राटसमोर अर्धा तास उभा राहिलो. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, कुंपणाच्या फटीतून पश्चिमेकडे बघत होता. मामाचं गाव तिकडेच. जरा वाईट वाटलं. ब्लँकेट नीट केलं.

१८ डिसेंबर
परीक्षेला गेलो नाही. तयारी अपुरी होती आणि अपुऱ्या तयारीने जाणं हा विषयाचा अपमान. बाईंना फोनवर सांगितलं, घोडा आजारी आहे. बाई म्हणाल्या, एर्खेम, तू त्या घोड्याच्या नावावर बरंच खाल्लंस. वाक्य समजलं नाही. फोन ठेवल्यावर थोडं समजलं.

१९ डिसेंबर
आत्या मुलीकडे मुक्कामाला गेली. जाताना दोन गोष्टी सांगितल्या: फाटकाचा अडसर घाल, घोड्याचं दावं बघ. लहान मुलाला सांगावं तसं.

२० डिसेंबर, सकाळ
घोडा नाही.

दाव्याची गाठ सुटली होती. मीच मारली होती, इंटरनेटवर बघून. फाटकाचा अडसर जागेवर नव्हता. हात खिशातून काढायला फार थंडी होती, त्यामुळे पायाने लोटला होता. बर्फात टापांचे ठसे रस्त्यापर्यंत गेलेले आणि तिथे गाड्यांनी पुसलेले.

२० डिसेंबर, दुपार
बसने सगळा भाग पालथा घातला. खिडकीतून. मग उतरून पायी. एका पोलिसाने विचारलं, घोडा कसा दिसतो. मी म्हटलं, तांबडा. आणखी काही? पांढरा ठिपका, डाग, छाप? मला एकही आठवेना. ब्लँकेटवर अस्वलं आहेत, एवढं सांगितलं.

आझ्झायाला फोन केला. ती काही न विचारता आली, सगळ्या टेकडीवर माझ्याबरोबर फिरली. तिच्या पापण्यांवर बर्फ जमला होता. एकच वाक्य बोलली: तो कळपाकडे गेला असेल तर पोचू दे.

२१ डिसेंबर
जेवण गेलं नाही. हे प्रबंधासाठी लिहीत नाही.

२४ डिसेंबर
मामाचा फोन. घोडा पोचला. अर्धा देश बर्फाखाली असताना, रस्ता, नदी, सगळं ओलांडून. पाठीवरची अस्वलं फाटली आहेत म्हणे. कळपात उभा आहे, खातोय. मी रडलो, थंडीमुळे नाक वाहत असतं त्यात ते खपलं. मामाने मग फोन ठेवला. तो 'मी म्हणालोच होतो' म्हणाला असता तर बरं झालं असतं.

१२ जानेवारी
निकाल. तिसरं वर्ष पुन्हा. म्यादागबाईंनी प्रबंधाचं नाव बदलायला सांगितलं. 'अखंड' काढ म्हणाल्या. 'नातं' पण बघ एकदा.

१८ फेब्रुवारी
नववर्षाच्या सणाला मामाकडे आलो. आझ्झायाला फोटोचं वचन दिलं आहे. म्हणजे तिने मागितलेला नाही, पण दिलं आहे.

मामाने कळपाकडे बोट दाखवून म्हटलं, जा, भेट. सगळेच केसाळ, बरेचसे तांबडे. पण सोबत काढलेले दिवस माणूस विसरत नाही. सरळ चालत गेलो, माझ्या घोड्याच्या गळ्यात हात टाकला, कपाळाला कपाळ लावलं. त्यानेही लावू दिलं. मनापासून सगळं सांगितलं, माफीसुद्धा मागितली. बराच वेळ. फोटोही फार छान आले.

मामा मागून आला. म्हणाला, बोलणं झालं असेल तर सोड तिला, गाभण आहे.

मग त्याने तांबडा दाखवला. वीसेक पावलांवर उभा होता, भरलेला, चकचकीत. मी एक पाऊल टाकलं. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि वळून कळपाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

मी मामाला म्हटलं, ओळखलं नाही वाटतं त्याने.

मामा म्हणाला, ओळखलं की.