बारा नंबरची पेटी

३ मार्च

बोगद्याच्या साहेबांनी कुणा जीवाश्मवाल्या बाईंना पाठवलं आहे. गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग. मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं – भिंगबाई.

शेडमध्ये पेट्या मांडून दिल्या. अलीकडच्या डोंगरातल्या बोअरच्या सव्वीस, पलीकडच्या डोंगरातल्या चोवीस. एकेका पेटीत तीन मीटर दगड, मनगटाएवढा जाड, पाटीसारखा काळा. बाईंनी हातोडीची एक टिचकी मारली आणि तुकडा वहीसारखा उघडला. आत पेन्सिलीच्या रेघा! म्हटलं, "आमच्या माणसांनी काही लिहिलेलं नाही हं आत."

"लिहिणारे चव्वेचाळीस कोटी वर्षांपूर्वी गेले," म्हणाल्या.

हसलो. कुठे हसायचं ते अजून बरोबर कळतं.

४ मार्च

जेवलो. एक ताट, एक पेला. घासून पालथे घातले.

५ मार्च

बोअर घ्यायच्या मशीनच्या आवाजावरून बिट कुठल्या दगडात घुसलंय ते मी डोळे मिटून सांगतो. लोक पैजा लावून हरलेत. पण दगडाचं वय काही कानाला कळत नाही. ते या बाई सांगतात, आणि तेही त्या पेन्सिलीच्या रेघांवरून.

आज भिंगातून पाहू दिलं. रेघा कसल्या, करवतीची पाती! नखाएवढी, बोटाएवढी. काहींना दोन्ही कडांना दात, काहींना एकाच कडेला. समुद्रात तरंगणारे जीव म्हणे, एका पात्यात शेकडो. दात म्हणजे एकेकाचं घर. मेले, तळाच्या चिखलात बसले, चिखलाचा दगड झाला.

"एक जात फार काळ टिकत नाही," बाई म्हणाल्या. "ती जाते, दुसरी येते. पण असते तोवर साऱ्या समुद्रात पसरलेली असते. म्हणून तर त्यांचा उपयोग."

मी जरा विचार केला. म्हटलं, "म्हणजे रद्दी. दोन गावांत जुनं वर्तमानपत्र सापडलं आणि अंक एकच निघाला, तर दिवस एकच."

"तुम्ही कॉलेजात शिकवायला हवं होतं!"

"कॉलेज मी बाहेरून पाहिलंय. त्याच्या पायाचे बोअर मीच घेतले."

बाई खळखळून हसल्या. तर असं – दोन्ही कडांना दात असलेले जुने, ते खाली. एकेरी दातांचे नंतरचे, ते वर. खालचा काळ ऑर्डोव्हिशियन, वरचा सिल्युरियन. दोनदा म्हणून पाठ केलं. एकेरी पातं पहिल्यांदा कुठल्या खोलीवर दिसतं ते दोन्ही डोंगरांत सापडलं, की थर जुळला. थर जुळला की पाण्याच्या बोगद्याची रेघ या डोंगरातून त्या डोंगरात ओढता येते.

मध्येच शेडच्या दारातून हाक आली – "दाजी, चहाऽ!" मेहुणा. हिचा धाकटा भाऊ, बावीस वर्षं माझा फोरमन. शेवटचं अक्षर ओढायची खोड थेट हिची. पूर्वी मी दोघांची नक्कल करायचो.

ऐकलं. काही झालं नाही. चहा प्यायलो.

९ मार्च

पलीकडचा डोंगर साफ. वर एकेरी, खाली दुहेरी, मध्ये घोळ नाही. बाई खूश, साहेब खूश. मेहुण्याने पेट्यांची झाकणं फडक्याने पुसून ठेवली. पेट्यांवर त्याचा जीव. कुणी पाय लावला तर ओरडतो, "अरे, देवाचं नाही तरी पोटाचं आहे ते!"

११ मार्च

अलीकडच्या डोंगरात भानगड.

पहिल्या अकरा पेट्या एकेरी दातांच्या. बाराव्या पेटीत वरच्या टोकाला दुहेरी, खालच्या टोकाला परत एकेरी! तेरापासून पुन्हा दुहेरी. नवे, जुने, नवे, जुने.

साहेबांनी कपाळाला हात लावला. थर तुटून एकावर एक चढलेला असणार, म्हणाले. असल्या जागेतून बोगदा नेता येत नाही, सगळी लाइन बदलावी लागेल.

भिंगबाईंनी पेटीची दोन्ही टोकं पुन्हा भिंगातून पाहिली. मग म्हणाल्या, "एक तर डोंगर उलटापालटा आहे, नाहीतर पेटी."

सगळे हसले. मीही हसलो. मग पेटीवरची चिठ्ठी वाचली. १९ जुलै.

१२ मार्च

डोंगर नाही. पेटीच.

१३ मार्च

लिहून टाकावं. दुसरं कोण वाचणार आहे.

१९ जुलै. सकाळी अकराला साइटवर मुलीचा फोन. आईला दवाखान्यात नेलंय, लगेच निघा. मेहुण्याने हातमोजे तिथेच फेकले. "दाजी, चला!" मी म्हटलं, "तू हो पुढे. रॉड भोकात आहेत. काढतो आणि आलोच." रॉड भोकात सोडले तर रुतून बसतात, हे खरं. बाकीचे दोघे डिझेल आणायला गेले होते, हेही खरं.

रॉड साडेअकराला वर आले. तेव्हाच निघालो असतो तर वीस मिनिटं कमी साडेबाराला दवाखान्यात असतो – नाही, नीट मांडतो. पन्नास मिनिटांचा रस्ता. बारा वीसला पोचलो असतो. ही साडेबाराला गेली. दहा मिनिटं मिळाली असती.

मी रॉडच्या टोकाच्या नळीत आलेला दगड पेटीत लावत बसलो. कुणी सांगितलं नव्हतं. नळी तशीच पडून राहिली असती तर काही आभाळ कोसळत नव्हतं. एकेक तुकडा धुतला, पुसला, ठेवला. खाली दाखवणारे बाण काढले, खडूने, सरळ. फोनवर मुलीचा आवाज ऐकला होता ना. माझे कान तिखट. तिने जे सांगितलं नव्हतं तेही ऐकलं होतं. म्हणून हात भराभर चालेनात. दगड लावत होतो तोवर काही घडलेलं नव्हतं.

दीडला पोचलो. म्हटलं, गाडी बंद पडली. सगळे म्हणाले, नशीब. मेहुणा भिंतीला टेकून उभा होता. 

आणि पेटी उलटी कशी झाली तेही आज कळलं. नळीचं खालचं तोंड उघडतो, म्हणून तळाचा तुकडा आधी बाहेर येतो. तो पेटीत शेवटच्या जागी ठेवायचा. सुरुवातीला आमच्याकडे एकच जुनं मशीन होतं, तेव्हा मी मशीनवर आणि ही पेट्यांवर. "आधी आला म्हणून मान द्यायचा नाही, त्याला मागे बसवायचं!" – तिचं वाक्य. तिनेच मग भावाला शिकवलं. मी तीस वर्षांत एक पेटी भरली नव्हती. मालक ना! आधी आला त्याला पहिल्या जागी बसवलं.

एक गोष्ट मात्र लागत नाही. चिठ्ठीही मीच लिहिली असं वाटत होतं. पण पेटीवर अक्षर मेहुण्याचं आहे. कोरीच सोडली असेन. त्या दिवसातलं काय खरं धरायचं.

१४ मार्च

काही नाही.

१७ मार्च

भिंगबाई हुशार. अकराव्या पेटीतला शेवटचा तुकडा घेतला आणि बाराव्या पेटीतल्या पहिल्याला लावून पाहिला. बसेना. मग बाराव्यातल्या शेवटच्याला लावला. टक्. तुटलेल्या दगडाला त्याचाच दगड भेटला की एक आवाज होतो. शेडमध्ये तो मला एकट्यालाच ऐकू आला असेल.

डोंगर सुटला. बोगद्याची लाइन आहे तीच. साहेबांचा जीव भांड्यात पडला, आणि मग राग वर आला.

"आठवडाभर माझी माणसं नकाशे फाडत होती! ही पेटी भरली कोणी?"

मेहुणा पुढे झाला. "मी. सही माझीच आहे."

"बावीस वर्षांचा अनुभव ना तुमचा?"

"चूक झाली साहेब. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं."

साहेब म्हणाले, हा फोरमन पुन्हा माझ्या साइटवर नको. अहवालात नाव घालणार. महिनाअखेरीला अहवाल वर जाईल. वर गेलं की संपलं – बोगद्याच्या कुठल्याही कामावर त्याला कोणी उभं करणार नाही. पन्नाशीला आलेला माणूस. दुसरं काही येत नाही त्याला.

माझ्या तोंडात जीभ होती. मी भिंतीवरचा पंखा पाहत होतो.

तो अकरालाच निघाला होता हे विसरला कसा? दुःखात माणूस वेळ विसरतो. तसंच असेल.

१८ मार्च

मेहुण्याने शेडमधलं त्याचं सामान पिशवीत भरलं. हातमोजे, टेप, खडूचा डबा. मी दारात. म्हणाला, "असं तोंड करू नका दाजी. दगडच होता. ताई असती तर कान उपटला असता माझा, एवढंच."

माझा, म्हणायला हवं होतं. "डबा राहू दे इथेच," म्हटलं.

चहाला मात्र हाक मारली त्याने. जाताना.

२० मार्च

मुलीचा फोन. "बाबा, मामाकडून अशी चूक? मामा झोपेतसुद्धा पेटी सरळ लावेल!"

"होतं असं," म्हटलं.

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा."

माझीच मुलगी. कान माझेच.

तिला सांगायचं तर काय सांगू? आई शेवटचे श्वास घेत होती तेव्हा तुझा बाप दगड पुसत होता. मेहुण्याला काय सांगू? त्याची बहीण. तो तिथे होता, मी नव्हतो. गाडी बंद पडली या तीन शब्दांवर आमचं नातं आठ महिने उभं आहे. ते काढले तर मेहुण्याची नोकरी वाचेल. मग घरात मला दाजी म्हणणारं, बाबा म्हणणारं कोण उरेल, माहीत नाही.

२१ मार्च

बाईंचं काम आवरलं. जाण्याआधी त्यांचं भिंग मागून घेतलं आणि अकराव्या पेटीतलं एक एकेरी पातं पाहत बसलो.

"काय शोधताय?"

"यांची दुसरी कड कुठे गेली?"

"यांच्या आधीच्यांना दोन ओळी होत्या. यांच्यात एकच राहिली."

"आणि मग?"

"मग काय! तशीच पुढे तीनेक कोटी वर्षं जगली."

"एकेरी?"

"एकेरी."

भिंग परत दिलं. बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "पेटी कुणाचीही असो, दगड सुटला हे महत्त्वाचं." भिंगच नाही, या बाईंना डोळेही आहेत.

२३ मार्च

पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. शेवटी दोन ओळी – १९ जुलैची बारा नंबरची पेटी मी स्वतः भरली. फोरमन त्या वेळी साइटवर हजर नव्हता.

साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं.

"फोरमन कुठे होता?"

"दवाखान्यात. बहिणीजवळ."

"बहीण म्हणजे..."

"माझी बायको."

"आणि तुम्ही?"

"पेटीजवळ."

त्यांनी अहवाल काढला, मेहुण्याचं नाव खोडलं, वर माझं लिहिलं. उद्यापासून त्याला कामावर येऊ द्या, म्हणाले. मला पाणी विचारलं. नको म्हटलं.

पत्राची नक्कल शेडमध्ये खडूच्या डब्याखाली ठेवली आहे. मेहुण्याला निरोप धाडला, सकाळी शेडवर ये. मुलीला उद्या सांगेन. ती रागावेल ते मला समोर बसून ऐकायचं आहे. फोनवर नाही.

काही वाटत नाही अजून. बरं नाही, वाईट नाही.

२४ मार्च

सकाळी शेडवर गेलो तेव्हा मेहुणा आधीच आलेला. हातात माझं पत्र. वाचून झालेलं. त्याने पाकिटातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे धरली. पेटी १२. १९ जुलै. माझं अक्षर. "वेळही लिहिली होती तुम्ही दाजी," म्हणाला. "बारा चाळीस." हिचं दिवसकार्य झाल्यावर कामावर आला तेव्हा पेटीवर सापडली. कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून काढून घेतली आणि स्वतःच्या हाताने दुसरी लावली, वेळेशिवाय.

मी विचारलं, "मग तेव्हाच पेटी सरळ का नाही केलीस?"

"उलटी आहे हे कुठे माहीत होतं? मी फक्त वेळ पाहिली."

आठ महिने! रोज चहाला हाक मारत होता.

त्याने पिशवीतून हातमोजे काढले, चढवले. दारापर्यंत गेला, वळला. "दाजी, चला नाऽ."

मला उठता येईना. बाराव्या पेटीवर बसलो होतो. पेटीवर बसलेलं त्याला चालत नाही. आज ओरडला नाही, शेजारी येऊन बसला.