तिसरा अंतरा

घाटकोपर (पूर्व),
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मादादा,

सप्रेम जयभीम. तुझी शुगर प्रेमावहिनीच्या धाकात असेल आणि बदलापुरात नळाला पाणी येत असेल, असं धरून चालते. फोनवर विचारलं असतं, पण मी फोन केला की वहिनी म्हणते, "ते झोपलेत." सकाळी अकराला झोपलेत, संध्याकाळी सहाला झोपलेत. चौदा वर्षं इतकी झोप मिळालेल्या माणसाची तब्येत ठणठणीतच असणार. म्हणून पत्र. पत्राला झोपलोय म्हणून सांगता येत नाही.

इकडे बरं आहे. आपल्या चाळीच्या जागी टॉवर झाला. लिफ्टमध्ये आरसा आहे, त्यामुळे रोज सकाळी एका कडवट बाईची गाठ पडते. पेपरातलं माझं सदर चालू आहे. लोक अजून हसतात.

रविवारी मुलुंडला गेले होते. एका कॅफेत दुपारी चारला 'मातीतली गाणी' असा कार्यक्रम होता. संपादक म्हणाले, "जा शकुताई, तुमच्या लेखणीला खाऊ मिळेल." माती ऐकायला चपला काढून गादीवर बसायचं होतं. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला, म्हणून मला एकटीला खुर्ची. गाणं सुरू व्हायच्या आधीच चार टोमणे कागदी रुमालावर लिहून तयार होते.

मग अक्षता नावाची मुलगी आली. बोरिवलीची, सत्तावीस-अठ्ठावीसची. खांद्याला गिटार, हातात तो परदेशी बँजो, डफाला दांडी लावल्यासारखा. म्हणाली, "माझे बाबा बेंजो वाजवायचे, मिरवणुकीतला, बटणांचा. तो मोडला म्हणून मी ऑनलाइन मागवला, तर हा आला. बाबा म्हणाले, 'ह्येची बटणां खंय?' परत पाठवायची मुदत संपेपर्यंत माझी दोन गाणी बसली होती."

सगळे हसले, मीही. मग तिनं बाबांचं नाव सांगितलं. नंदू.

आपला नंदू, दादा. तुझ्या गाण्याच्या पार्टीतला बेंजोवाला. गणपतीत मंडळांकडे, चौदा एप्रिलला आपल्याकडे. दोन वर्षांपूर्वी गेला. तुला कळलं होतं का? मला नाही.

आधी तिनं स्वतःची गाणी म्हटली. गोराईच्या बोटीत मासळीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचं एक होतं. भाजी निवडता निवडता बोलावं, तसा आवाज. मी रुमालावर लिहायचं थांबले. एवढ्यात ती म्हणाली, "आता जे गाणार आहे ते माझं नाही. बाबांच्या वहीतलं आहे." आणि ढोलकी नाही, एको नाही, एकेक तार छेडत गायला लागली,

अंगठा पुसला मायनं माझ्या
सही ती शिकली गं...

आपल्या आईचं गाणं. बावन्नाव्या वर्षी साक्षरता वर्गात बसलेली आई, तिचं नाव कागदाच्या बाहेर गेलेलं, आणि बाई म्हणाल्या, "असू दे, मोठं नाव आहे." आणि शेवटी छापही गायली. तू ऐकायचा नाहीस ना, शेवटच्या ओळीत करणाऱ्याचं नाव आलंच पाहिजे म्हणायचास. पार्टीतले म्हणाले, पोरीचं नाव बरं दिसत नाही. तू म्हणालास, "शब्द तिचे, मग नाव काय शेजाऱ्याचं घालू?"

धम्मपाल गातो, गाणं हे आईचं
शकुच्या हातानं लिहिलं गं.

गाणं संपल्यावर अक्षता म्हणाली, "धम्मपाल म्हणजे बाबांच्या पार्टीचे गायक. शकु कोण, ते वहीत नाही. त्यांची बायको असेल बहुतेक." गादीवरून आवाज आला, "किती गोड!"

मी हात वर केला नाही.

हात वर केला असता तर पुढचंही सांगावं लागलं असतं. दोन हजार अकरामधलं माझं पहिलं सदर. माईक आइस्क्रीमच्या कोनासारखा धरणारा गायक, वगैरे. ते सोड, तो विनोद वाईट नव्हता. पण खाली मी लिहिलं होतं, "आणि शब्द? आई सही करते आणि गायकाला हुंदका येतो. असले शब्द लिहिणाऱ्याचा अंगठाच बरा होता."

तुझं नाव नव्हतं, तरी अख्ख्या वस्तीला कळलं. शब्द माझे होते, दादा. मला पेपरातल्या मोठ्या माणसांत बसायचं होतं, म्हणून मी ते तुझ्या गळ्यात घातले. छापेतल्या 'शकुच्या हातानं'चा अर्थ लोक नुसतं लिहून घेतलं असाच लावायचे, आणि तू एकदाही म्हणाला नाहीस की शब्द शकुचे आहेत. चौदा एप्रिलला पोरं "कोन, कोन" ओरडली, तू माईक खाली ठेवलास, बस्स. पुन्हा उचलला नाहीस. कुणी विचारलं तर मी सांगत आले, दादाचा घसा बसला.

गर्दी पांगल्यावर तिच्याजवळ गेले. म्हटलं, "शकु मी. बायको नाही, बहीण." मला वाटलं, पोरगी पाया पडेल. ती म्हणाली, "मग तिसरा अंतरा सांगा ना! ते पान उसवून गेलंय."

मला आठवेना. माझेच शब्द. दोन दिवस पेन घेऊन बसले, नुसते टोमणे सुचतात. तो अंतरा आता तुझ्याकडेच आहे. तिला गाणं रेकॉर्ड करायचंय, पण म्हणते, "अर्धं नाही गाणार."

तेवीस तारखेला, रविवारी, तिथेच चार वाजता ती पुन्हा गाणार आहे. खुर्ची एकच असते, ती तुझी. मी गादीवर बसेन, उठवायला दोघं लागतील. यायचं नसेल तर तो अंतरा वहिनीकडून मेसेजवर पाठव. पण ती चाल मेसेजमध्ये कशी येणार, मला माहीत नाही.

येत्या रविवारच्या सदरात मी हे सगळं लिहिलंय, तुझ्या नावासकट, माझ्या नावासकट. संपादकांनी विचारलं, "यात विनोद कुठाय?" म्हटलं, तो चौदा वर्षांपूर्वी होऊन गेला.

वहिनीला सांग, आज जागा आहेस.

तू काढलं नसशील तर अजून तुझ्याच पार्टीतली,
शकु