बोडी फुटली ते साल

रविवार, सौंदड

आज डोकंच फिरलं. तीन आठवडे राबून घरी सर्व्हर लावला, सगळ्यांचे फोटो त्यावर चढवून सालवार फोल्डर केले. कौतुकानं बाबांना टीव्हीवर दाखवायला बसलो, तर म्हणाले, "बोडी फुटली त्या सालचे काढ."

"साल सांगा ना!"

"मले का मालूम? पाळ फुटली, साऱ्या गावानं मिळून बांधली, ते साल."

एकेक फोल्डर उघडला. गावच्या तळ्याचा, त्या बोडीचा, एकही फोटो नाही. मी ओरडलोच त्यांच्यावर. काऊन ओरडलो?

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा पुण्याले शिकायले गेला, तेच साल."

ते साल उघडलं. सगळे फोटो माझ्या होस्टेलचे.

"कॅमेरा तुयाजवळच होता ना," बाबा म्हणाले.