बाकीच्या सुया

माधव नगर, उज्जैन
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

प्रिय इशिता,

तू आणि घरची सगळी बरी असाल. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. ईराची परीक्षा सुरू आहे, तुझा दादा रोज रतलामला जाऊन-येऊन करतो आहे. बस, झाली खुशाली. यापुढचं एका दमात वाच आणि मधेच फाडू नकोस, तुला माझी शपथ.

अण्णांना रेबीज झालेली कुत्री चावली आहे. आपल्या घरचीच. ती काल सकाळी गेली. अण्णांना काल पहिली सुई टोचली, दुसरी परवा रविवारी आहे, त्यानंतर आणखी आहेत, आणि पुढची एकही ते घेणार नाहीत. पहिली कशी घेतली ते पुढे सांगते. तेच सांगायला जीभ रेटत नाही म्हणून आधी बाकीचं लिहिते.

तुला फोन केले, तू कापलेस. तुझी मैत्रीण तेजस्विनी इकडे आली आहे, तिच्या फोनवरून केला, तर 'वहिनी' एवढं ऐकूनच ठेवलास. मग तिनं तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "त्यांच्यासाठी मी मेले आहे, त्यांनीच सांगितलंय." ठीक आहे बाई. पण हातात दिलेला कागद ब्लॉक करता येत नाही. तेजस्विनी आज संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत चालली आहे, ती हा तुझ्या हातात ठेवेल आणि तू वाचेपर्यंत दारातून हलणार नाही. तसं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

ही कुत्री तुला माहीत नाही. माईंच्या तेराव्याला तू भांडून गेलीस, त्यानंतर अण्णा भैरवगढ़ला चादरी घ्यायला म्हणून गेले आणि चादरींऐवजी हे पिल्लू उचलून घेऊन आले. छपाईवाल्याच्या अंगणात रंगाच्या पाण्यात खेळलेलं, चारही पंजे निळे. मी म्हटलं, अण्णा, हे काय? तर म्हणे, "भैरवाच्या दारचं आहे, नाही म्हणायचं नसतं." गळ्यात काळा दोरा त्यांनी स्वतः बांधला. दोन वर्षांत त्या पिल्लानं त्यांना माणसात आणलं गं. सकाळी फिरायला जाऊ लागले, जेवू लागले, बोलूसुद्धा लागले. आमच्याशी नाही, तिच्याशी.

आता तू विचारशील, लस का नाही दिली? विचार. मीही तेच विचारून डोकं फोडून घेते आहे. दर तीन महिन्यांनी अण्णा फ्रीगंजहून जंतांची गोळी आणायचे, पेढ्यात घालून भरवायचे. गोचिडांचं औषध मानेवर थेंब थेंब सोडायचे. कुणी विचारलं की छाती काढून सांगायचे, "आमच्या हिचं सगळं टाइमवर असतं." आणि आम्हीही तसंच धरून चाललो! डॉक्टरकडचं औषध चालू आहे म्हणजे त्यात सगळं आलं. जंतांची गोळी वेगळी आणि रेबीजची सुई वेगळी, हे तुझ्या दादासारख्या बँकेतल्या माणसाला कळू नये, मला कळू नये! माझ्या डोक्यात एकदाच आलं होतं. मोहल्ल्यात लसीचं शिबिर लागलं तेव्हा मीच अण्णांना पाठवलं. ते तिला उचलून घेऊन गेले आणि तसेच परत आले. म्हणाले, "रांगेत रडायला लागली. तिला सुई सहन होत नाही." मी हसले. तिला गोळी मिळतेच आहे, म्हणून सोडून दिलं.

दिवाळीनंतर गल्लीतल्या एका कुत्र्यानं तिला पायाला धरलं होतं. जखम भरून आली, आम्ही विसरलो. मागच्या आठवड्यात मात्र ती पलंगाखालून बाहेर येईना. आवाज बसलेला, तोंड अर्धं उघडं, लाळ गळते आहे, पाण्याशी जाते आणि गिळता येत नाही. अण्णा म्हणाले, घशात हाड अडकलंय. आणि रविवारी हे काय करावं माणसानं? तिचा जबडा उघडून हात आत घातला! हाड काढायला! अंगठ्यात दात रुतले. "चावली नाही, दात लागला," म्हणे. नळाखाली हात धरला, हळद दाबली आणि मला सांगितलंच नाही. मला कळलं बुधवारी, ताट वाढताना त्यांनी डाव्या हातानं पोळी तोडली तेव्हा.

मी जनावरांच्या डॉक्टरना घरी बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हड्डी-वड्डी कुछ नहीं है. बाबूजी को आज ही अस्पताल ले जाइए, एक दिन भी मत रुकिए." अण्णा दारातच बसून राहिले. गेलेच नाहीत. म्हणे, मी सुई घेतली म्हणजे ती पिसाळली असं मी कबूल केलं, मग मुनसिपाल्टीवाले तिला घेऊन जातील. काल सकाळी पलंगाखालीच तिनं जीव सोडला. ईरा रोज तिच्याकडून गाल चाटून घ्यायची, मी तिची लाळ पुसायचे, म्हणून ईराला आणि मलाही सुया सुरू झाल्या आहेत. पोरगी आता बाटलीतून पाणी प्यायली तरी मी तिच्या घशाकडे बघत बसते.

इशिता, एक गोष्ट मी मघापासून टाळते आहे. त्या कुत्रीचं नाव. अण्णा तिला इशू म्हणायचे. "इशू, चल." "इशू, जेवलीस का?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडलं. तुझ्या दादानं विचारलं तर म्हणाले, सोपं नाव आहे. आणि शिबिराच्या दिवशी "तिला सुई सहन होत नाही" म्हणाले ना, ते कुत्रीचं नव्हतंच गं. तुला शाळेत लसीच्या रांगेतून खांद्यावर घालून पळवून आणायचे ते, आणि माई दोघांनाही ओरडायच्या, हे माईंनीच मला सांगितलं होतं. म्हणून ती बिना सुईची राहिली. कुणावर रागावू मी, सांग!

आता कालचं.

सरकारी दवाखान्यात बाकावर बसले होते, हात शालीत. डॉक्टरनं समजावलं, तुझ्या दादानं पाय धरले. अण्णा म्हणाले, "माईला मी दवाखान्यात नेलं नाही. इशिता म्हणाली, तुम्ही मारलंत तिला. खरं बोलली. मग मला कशाला सुया?" असं शांतपणे म्हणाले. या रोगाला एकदा लक्षणं दिसली की मग औषध नाही, इशिता. डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. आणि हा माणूस बाकावर बसून शिक्षा भोगायला निघाला होता!

तेव्हा मी बोलून गेले. "अण्णा, इशिता निघाली आहे. रविवारी सकाळी पोचते."

त्यांनी मान वर केली. "तिनं सांगितलं?"

"हो. फोन आला होता."

शर्टाच्या बाहीचं बटण त्यांनी स्वतःच काढलं. लसीशिवाय अंगठ्याच्या जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात, त्याला धडधाकट माणसं ओरडतात. अण्णांच्या तोंडून हूं की चूं नाही. घरी आल्यावर वरच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला लावली. न्हाव्याला बोलावलं. आणि जेवताना म्हणाले, "बाकीच्या सुया इशू आल्यावर. तिच्यासमोर घेईन. तिला दिसू दे मी घेतो ते."

म्हणून मी म्हटलं, पुढची एकही घेणार नाहीत. जिद्द नाही ही. तुझी वाट आहे. आणि मी खोटं बोलले हे रविवारी कळलं, तर हा माणूस पुन्हा त्या बाकावर जाणार नाही, आणि मी त्यांच्याकडून काही करवून घेऊ शकणार नाही. फोनवर बोलणं करून देऊ म्हटलं तर तुझा दादा म्हणतो, ती फोनवर माफ करणार नाही आणि ते फोनवर मानणार नाहीत. तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात, तूच जाणतेस.

माफ करू नकोस त्यांना. बोलू नकोस. माझ्या हातचं पाणी पिऊ नकोस, मला दहा गोष्टी सुनाव, मी खाली मान घालून ऐकीन. त्यांच्याशी भांडायचं असेल तर दवाखान्याच्या दारात भांड, पण सुई टोचून झाल्यावर. उद्याच्या गाडीत बस गं. तिकीट नसेल तर बिनारिझर्वेशन बस. मी कधी तुझ्यापाशी काही मागितलं नाही, आता पदर पसरते.

आत्ताच अण्णा दारात येऊन विचारून गेले, गाडी किती वाजता येते. मी हा कागद पोटाशी धरून सांगितलं, आठला. ते म्हणाले, "मग मी सातलाच जातो स्टेशनवर." आणि काठी शोधायला लागले आहेत.

तुझ्या नावानं खोटं बोललेली,
तुझी वहिनी
अश्विनी