खिळ्यावरचं गंगावन

पनवेल,
धुळवड

सोनाताई,

हे माझं चौथं पत्र. आधीची तीन पोचली नाहीत असं सांगू नकोस. महाडचा पोस्टमन रोज तुझ्याच ओटीवर पाणी पिऊन पुढे जातो, हे तूच सांगितलेलं आहेस. इकडे सख्खी बहीण टकली व्हायला लागली आणि तिकडे तुझ्याच्याने दोन ओळी खरडवत नाहीत? मी चौथी शिकलेली, माझ्याने होतं. तू तर सातवी पास. नमस्कार लिहायचा राहिला, तो धर. भावजींचा दमा कसा आहे? गरम पाणी पितात का? (नसतीलच पीत.) आम्ही सगळे बरे आहोत, माझे केस सोडून.

माघ अर्धा होता होता सुरू झालं. आधी फणीत, मग उशीवर, मग ह्यांच्या डब्यात. जासईच्या यार्डात सगळ्यांसमोर ह्यांनी भाकरीतून माझा हातभर केस ओढून काढला, तर शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "काशिराम, वहिनींनी कंटेनर बांधायला दोरी पाठवली वाटतं." घरी येऊन हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जसा काही मी मुद्दाम घातला होता.

मग उपाय सुरू. माक्याचं तेल झालं, जास्वंद वाटून झाली. कांद्याचा रस चोपडून बसले, तर हे कामावरून आले, हातपाय धुतले आणि पाटावर बसून भज्यांची वाट बघत राहिले. शेजारची कुबरा म्हणाली, "रमाभाभी, आमच्या खलीलचे केस कुवेतच्या पाण्याने गेले. तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं?" म्हटलं, बाई, आमच्या नळाला पाणी येतं कुठे! तिने तिकडची तेलाची बाटली दिली. विचारलं, ह्याने खलीलभाईंना उगवले का? म्हणाली, "उगवले असते तर बाटली उरली असती का?" तरी लावलं. एक आठवडा उशीला अत्तराचा वास, बाकी काही नाही.

शेवटी लेकीने ओढत डॉक्टरणीकडे नेलं. पोरसवदा आहे, आपल्या सुनीताएवढी. तिने माझे केस चिमटीत धरून ओढले, किती आले ते मोजले, रक्त तपासलं (थोडं कमी निघालं, गोळ्या चालू आहेत). मग विचारते, "मावशी, तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असं काही?" म्हटलं, बाळंतपण? ह्या वयात? लाज वाटू दे. "मग मनाला काही धक्का?" म्हटलं, आम्हाला धक्के बसत नाहीत, आम्ही देतो. ती हसली. म्हणाली, केसांना बातमी उशिरा पोचते. माणसाला आज लागतं, केस तीन महिन्यांनी गळतात.

घरी येऊन भाजी निवडता निवडता बोटांवर मोजलं. माघ, पौष, मार्गशीर्ष... कार्तिकावर बोट थांबलं. तुळशीच्या लग्नानंतरचा आपल्या सुनीताचा साखरपुडा.

आता लिहितेच. व्याह्यांची बहीण तुला म्हणाली, "सोनाबाई, ह्या वयात काय हो दाट अंबाडा!" आणि मी पेढ्यांचं तबक घेऊन मध्येच बोलले, "दाट असणारच, माझे केस आहेत ते." सगळ्या बायका हसल्या. तूही हसलीस. तूही हसलीस, ते मला आजपर्यंत पचलेलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊक आहे, पण तोंडावर मारायचीस तरी. तू जेवलीसुद्धा नाहीस. स्टँडवर मी एस.टी.च्या खिडकीखाली उभी आणि तू समोरच्या सीटकडे बघत बसलेली. परत आले तर आतल्या खोलीत खिळ्याला तुझ्या अंबाड्यातलं गंगावन लटकत होतं.

चौतीस वर्षं झाली, ताई. लग्न ठरलं आणि तुला टायफॉइड झाला, केस मूठ मूठ गेले. आई रोज माझ्या फणीतलं गुंतवळ गोळा करून सुपारीच्या डब्यात ठेवायची आणि त्याचं तुझ्यासाठी हे गंगावन केलं. माझे तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. मी किती थयथयाट केला! तू मला ओट्यावर बसवून तेल लावलंस आणि म्हणालीस, रमे, सासरी मला करमणार नाही, तुझं एवढं तरी बरोबर असू दे. ते मी विसरले होते. कार्तिकात आठवलं असतं तर बरं झालं असतं.

परवा ते माझ्याच डोक्याला लावून बघितलं. बसेना. मागून पेड घालायला दुसऱ्याचे हात लागतात आणि सुनीताला वेणी घालता येत नाही (तीन पेडांत दोनदा चुकते, सासरी काय करणार देव जाणे). तोंडाजवळ धरलं. केस माझे, पण वास सगळा तुझा. ते तुझं खोबरेल आणि कापूर. तिकडे भात करपला.

तर वैशाखात लग्न आहे. हळदीच्या आदल्या दिवशी तरी ये. माझी वेणी घाल, मग मी तुझा अंबाडा घालते.

तुझी,
रमा

ता.क. गंगावन पोस्टाने मिळणार नाही. तुझं आहे, येऊन घेऊन जा.

ता.क. सुनीताने पत्र वाचलं. म्हणते, ह्यात माफी कुठे मागितलीस? म्हटलं, मग एवढं लिहिलं ते काय भाजीची यादी आहे?

ता.क. टकलीबिकली काही होत नाहीये. मुळं जिवंत आहेत, सहा महिन्यांत येतील म्हणाली डॉक्टरीण. वर मुद्दाम लिहिलं नाही, घाबरून तरी धावत येशील म्हणून. पाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं, तर गुढी उभारून पहिल्या एस.टी.ने मी महाडला येते आणि तुझ्या ओटीवर, पोस्टमनच्या देखत, डोक्यावरचा पदर काढून बसते. तू पोटभर हस. फिट्टंफाट. पण त्याआधी उत्तर लिही.